गावाचे फोटो कोणाच्या हवाली? : देवस्थान समित्या आणि उत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील देवस्थान समित्या, उत्सव मंडळे आणि नाट्यमंडळे यांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व सर्व सभासद यांस,

विषय : उत्सवांचे आणि गावकऱ्यांचे फोटो इंटरनेटवरील फोटो-साठवण सेवांवर ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी फोंडा तालुक्यात गेली २६ वर्षे छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. रिळाच्या कॅमेऱ्यावर शिकलो, डिजिटल कॅमेऱ्यावर संसार चालवला, आणि या काळात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा परिसरातल्या, आणि बाहेरच्याही अनेक देवस्थानांच्या जत्रा, पालख्या, काले, उत्सवातली नाटके, सभामंडपात लागलेली लग्ने आणि अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, झालेल्या मुंजी टिपल्या. आपल्यापैकी कित्येक जण मला नावाने ओळखतात. तरीही हे पत्र मी एकेकाला वेगळे न पाठवता उघडपणे लिहितो आहे, कारण ज्या प्रथेबद्दल मला बोलायचे आहे ती कोणा एका समितीची नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून पाडली आहे आणि तिच्यात माझा वाटा मोठा आहे.

प्रथा अशी आहे. उत्सव आटोपला की छायाचित्रकार सगळे फोटो, फारशी निवड न करता, एखाद्या मोफत सेवेवर अपलोड करतो. सेवा त्या संग्रहाची लिंक तयार करून देते. लिंक चिटणिसांकडे जाते, त्यांच्याकडून समितीच्या व्हॉट्सॲप गटात, तिथून महाजनांच्या (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांच्या), माहेरवाशिणींच्या, वाड्यावाड्यांच्या गटांत, आणि दोन दिवसांनी ती कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे हे सांगणे कोणालाच शक्य नसते. इकडे पुढच्या कामासाठी कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड पुसले जाते. समितीच्या दप्तरात त्या वर्षाच्या उत्सवाची म्हणून जी काही नोंद उरते, ती एवढी लिंक.

ही प्रथा वाईट हेतूने सुरू झाली नाही, हे मला आधीच नमूद करायचे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, आणि त्यांचे कुळावी, म्हणजे त्यांना कुलदैवत मानणारी घराणी, तर त्याहून कितीतरी दूर, कारवार, मंगळूर, मुंबईपर्यंत पांगले. आज त्यांच्यातल्या ज्यांना रात्रभराचा प्रवास झेपत नाही, त्यांना आपल्या देवाची पालखी घरबसल्या दिसते ती या लिंकमुळेच. डोंबिवलीच्या एका आजींनी मला एकदा मुद्दाम फोन करून विचारले होते की देवीचे यंदाचे वस्त्र तांबडे होते की केशरी, कारण त्यांच्या नातवाच्या फोनवर रंग नीट कळत नव्हता. त्या फोननंतर कितीतरी दिवस मला आपल्या कामाचे सार्थक झाल्यासारखे वाटत होते. म्हणून फोटो इंटरनेटवर ठेवूच नयेत असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की फोटो दाखवणे आणि फोटो सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. मोफत सेवेची लिंक यातले पहिलेच काम करते, आणि तेही कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही हे गावाला न विचारता. दुसरे काम समितीचे आहे आणि ते सध्या कोणीच करत नाही.

आपल्याकडे सांभाळण्याची रीत नाही असे तर नाहीच. १९३३ च्या देवस्थान नियमाखाली दर तीन वर्षांनी महाजन समिती निवडतात, आणि जुनी समिती पायउतार होताना देवाचे दागिने, भांडी, वस्त्रे, कागदपत्रे यादीबरहुकूम नव्या समितीच्या ताब्यात देते. देवीच्या नथीतला एक मोती कमी भरला तर महाजनांच्या सभेत त्याचा जाब विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु गेल्या पंधरा वर्षांत काढलेले हजारो फोटो, ज्यांत आज हयात नसलेले पुजारी आहेत, पाडून नव्याने बांधलेले सभामंडप आहेत, आता संसारी झालेली मुले आहेत, ते एका समितीने दुसऱ्या समितीला मोजून दिल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही.

एका फोटोची हकिगत सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका नाट्यमंडळाच्या अमृतमहोत्सवासाठी आम्ही घरोघर फिरून जुने फोटो जमवले आणि सुमारे साडेतीनशे फोटो स्कॅन केले. त्यांत हाताच्या पंजाएवढा, कातरलेल्या कडांचा एक कृष्णधवल फोटो होता. देवळाच्या प्रांगणात बांधलेला मंच, मागे महालाचे चित्र रंगवलेला पडदा, डाव्या कोपऱ्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडाचा पांढरा ठिपका, आणि मध्यभागी नऊवारी नेसून पदराचे टोक चिमटीत धरून उभा असलेला, स्त्रीपार्ट करणारा तरुण. स्कॅन मोठा करून पाहिल्यावर त्याच्या मनगटावर, बांगड्यांच्या जरा वर, कातडीचा एक फिकट पट्टा दिसला. रंगायला बसण्यापूर्वी त्याने घड्याळ काढून ठेवले होते आणि उन्हाने रापलेल्या हातावर त्याचा वण राहिला होता. फोटोच्या मागे पेन्सिलीने 'कार्तिक, १९६४' असे लिहून खाली पाच नावे मांडली होती. पाचवे नाव बोटे लागून पुसट झाले होते, म्हणून आम्ही मागची बाजूही स्कॅन केली.

हे सगळे स्कॅन मी एका मोफत सेवेवर ठेवले, मंडळाच्या पानावर जोडले, आणि मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरी परत केले. वर्ष-दीड वर्षाने माझ्या संगणकाची डिस्क बिघडली. मी ती दुरुस्तीला टाकण्याचीही घाई केली नाही, कारण सगळे 'वर' आहे अशी माझी समजूत होती. ज्या घरचा तो फोटो होता, तिथे पुढच्या पावसाळ्यात ट्रंकेला वाळवी लागली आणि घरच्यांनी ती आतल्या कागदांसकट टाकून दिली, कारण फोटो आता इंटरनेटवर कायमचे आहेत असे आम्हीच त्यांना सांगितले होते. मग त्या सेवेने फुकट जागा देणे बंद केले. त्याची आगाऊ सूचना ज्या ई-मेलवर आली, तो उघडून पाहणारा कोणी नव्हता. मुदत उलटली आणि संग्रह गेला. आज त्या फोटोची जी प्रत उरली आहे, ती एका सभासदाच्या जुन्या व्हॉट्सॲप संदेशातून मिळालेली अंगठ्याएवढी प्रतिमा आहे. मोठी केली की चेहऱ्याचे चौकोन होतात. मनगटावरचा वण तिच्यात उमटत नाही, आणि मागची बाजू तर कोणी कोणाला पाठवलीच नव्हती.

हा आमच्यापुरता दुर्दैवाचा प्रकार होता असे मी बरीच वर्षे मानत होतो. पण या धंद्याची गेल्या वीस वर्षांची चाल पाहिली तर असे होणे हाच तिथला नेम आहे, हे लक्षात येते. ज्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर आपल्याकडच्या एका संपूर्ण पिढीने आपले पहिले फोटो टाकले, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगलचे फोटोंसाठीचे पिकासा २०१६ मध्ये गुंडाळले गेले. जून २०१७ मध्ये फोटोबकेटने अटी बदलल्या आणि तिथे ठेवलेले फोटो दुसऱ्या पानांवर दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर मागितले. जगभरच्या असंख्य पानांवरचे फोटो अचानक दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी पैसे भरण्याची सूचना झळकू लागली. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली होती. मालकी बदलल्यावर २०१८ मध्ये फुकट खात्याची मर्यादा १,००० फोटोंवर आणल्याचे जाहीर झाले. गूगल फोटोजने २०१५ पासून दिलेली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी थांबवली, आणि तेव्हापासून नवे फोटो ई-मेलसह १५ जीबीच्या एकाच हिशेबात धरले जातात. एका जत्रेच्या रात्री मी साधारण दीड हजार फोटो काढतो. एक फोटो ८ एमबीचा धरला तरी त्या एका रात्रीचे १२ जीबी होतात. म्हणजे एका जत्रेतच ती जागा भरत आली.

या कंपन्यांना मी दोष देत नाही. जागेला, विजेला, यंत्रांना पैसे लागतात, आणि जो ग्राहक काहीच देत नाही त्याच्याशी त्यांचा करारही तेवढाच पातळ असतो. त्यांनी आपल्या अटींत हे लिहून ठेवलेले असते. त्या अटी आपण वाचल्या नाहीत, आणि वाचल्या असत्या तरी गावाचा ठेवा त्यांच्या भरवशावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला गावाने दिला होता का, हा प्रश्न उरतोच.

यात आणखी एक साधी गोष्ट राहून जाते. ही खाती समितीच्या नावाने क्वचितच असतात. समितीतला जो तरुण संगणकात हुशार, त्याच्या स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडले जाते. मला ठाऊक असलेल्या एका मंडळाचे सहा वर्षांचे फोटो अशाच एका खात्यात होते. तो मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, इथला मोबाइल क्रमांक बंद झाला, पासवर्ड विसरला गेला, आणि पासवर्ड नव्याने देण्यासाठी सेवा त्या बंद क्रमांकावरच संकेतांक पाठवत राहिली. मुलाची काहीच चूक नव्हती. खाते ही समितीची मालमत्ता आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. गूगलने तर २०२३ मध्ये जाहीरच केले आहे की दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते आतल्या फोटोंसकट काढून टाकले जाऊ शकते.

येथवर हरवण्याबद्दल लिहिले. आता जे लिहितो त्याचा मला अधिक त्रास होतो.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या फुगडी स्पर्धेचे फोटो मी नेहमीप्रमाणे खुल्या संग्रहात टाकले. स्मरणिकेचे काम सोपे व्हावे म्हणून प्रत्येक पथकाच्या फोटोखाली मुलींची पूर्ण नावे, शाळा आणि वाडा लिहिला होता. पाच-सहा महिन्यांनी, मी स्टुडिओचे शटर ओढण्याच्या बेतात असताना, त्यांतल्या एका मुलीची आई आली. तिने फोन काउंटरवर उताणा ठेवला आणि माझे पाहून होईपर्यंत पडदा विझू नये म्हणून त्यावर बोट टेकवून ती उभी राहिली. मुलगी चौदा वर्षांची होती. तिचा मी काढलेला चेहरा, तिचे खरे नाव आणि खरी शाळा लावून कोणीतरी एका समाजमाध्यमावर खोटे खाते उघडले होते आणि त्यावरून अनोळखी माणसांशी जे संभाषण चालवले होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्या माणसाला काहीही शोधावे लागले नव्हते. फोटो आणि त्याखालची सगळी माहिती मीच एका ठिकाणी नीट मांडून ठेवली होती.

आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार केली, त्या माध्यमालाही कळवले, आणि काही दिवसांनी ते खाते बंद झाले. संग्रह मी त्याच रात्री काढून टाकला. पण ज्यांनी कोणी ते फोटो आधीच उतरवून घेतले होते, त्यांच्याकडचे फोटो काढून घेण्याचा कोणताही मार्ग माझ्या हाती नव्हता. ती मुलगी पुढच्या श्रावणात फुगडीला आली नाही, त्यानंतरच्याही नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की लिंक आपल्या गटातच आहे, म्हणजे संग्रह खासगी आहे. तसे नाही. 'लिंक असलेला कोणीही पाहू शकतो' या व्यवस्थेत नाव, पासवर्ड, काहीच विचारले जात नाही. लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत जातो, आणि कोण आत जाऊन गेला हे बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही. संग्रह 'सार्वजनिक' असा ठेवला असेल तर माणसांच्या बरोबरीने आपोआप फोटो गोळा करत फिरणारे प्रोग्रामही तिथे पोचतात. आयबीएमने चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी फ्लिकरवरचे सुमारे १० लाख फोटो वापरल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. ते फोटो मोकळ्या वापराच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवलेले होते, म्हणून वापरणाऱ्यांना अडचण वाटली नाही. पण फोटोंतल्या माणसांना आणि कित्येक छायाचित्रकारांना त्याची कल्पनाही नव्हती. परवाना निवडण्याच्या त्या एका चौकटीत आपण काय टिचकी मारतो, हे म्हणूनच माझ्यासारख्याने समजून घ्यायला हवे होते.

फोटोबरोबर आणखीही काही जाते. कॅमेरा किंवा फोन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, यंत्राचे नाव आणि, फोनमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. मात्र तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा मूळ स्वरूपात साठवण सेवेवर ठेवला तर नोंद शाबूत राहते, आणि सेटिंग बदललेली नसेल तर ती पाहणाऱ्यालाही मिळू शकते. चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, उदाहरण घ्या. पणजी, वास्को, मडगावच्या फ्लॅटला कुलूप लावून आपण मूळ घरी जातो, आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली, फळाफुलांनी सजवलेली चौकट) स्पर्धेसाठी मंडळे घरोघरचे फोटो खुल्या संग्रहात मागवतात. त्या फोटोंत माटोळीला बांधलेले नारळ, सुपाऱ्या, कांगले, रानफळे असतात, तशी खालच्या बाजूला घरातली कपाटे, दारे, गणपतीच्या अंगावरचे सोने आणि ओळीने बसलेली घरची सगळी माणसेही असतात. ही मंडळी पाच दिवस कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे त्यावरून कोणालाही वाचता येते. परीक्षकांना माटोळी पाहायची असते. त्यासाठी ती सगळ्या जगाला पाहता येण्याची गरज नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण सभेत हा मुद्दा निघाला की बहुतेक वेळा तो छायाचित्रकारावर सोडून दिला जातो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. समितीने मला पैसे देऊन जत्रेचे फोटो काढायला सांगितले, तर ते फोटो समितीचे होतात आणि त्यांची जबाबदारीही समितीकडे येते. फोटोतल्या माणसाचा हक्क याहून निराळा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी, कोणाच्या नावाने तोतयेगिरी केल्याची किंवा फोटोत फेरफार केल्याची तक्रार त्या व्यक्तीकडून आली तर तो मजकूर हटवण्यासाठी माध्यमांना २४ तासांची मुदत घालून दिली होती. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. यातले काय कोणत्या मंडळाला कितपत लागू पडेल ते वकील सांगतील. माझ्या मते एवढ्या खोलात जाण्याचीही गरज नाही. २०२३ च्या जानेवारीत राज्याच्या पर्यटन खात्याने पर्यटकांसाठी सूचना काढली की अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्यांचे आणि वाळूत पहुडलेल्यांचे, फोटो त्यांच्या परवानगीवाचून काढू नयेत. किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्याला जो मान आपण देऊ करतो, तो सभामंडपात फुगडी घालणाऱ्या आपल्याच लेकींना द्यायला काय हरकत आहे?

माझ्या समित्यांकडून काही अपेक्षा आहेत. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अशी की छायाचित्रकाराचे बिल चुकते करण्यापूर्वी मूळ फोटो समितीने स्वतःच्या डिस्कवर घ्यावेत. डिस्क दोन असाव्यात, एक देवस्थानच्या कार्यालयात आणि दुसरी वेगळ्या गावात किंवा निदान वेगळ्या वाड्यावर, कारण आग आणि पाणी एकाच घरात शिरते. एक टेराबाइटच्या डिस्कवर माझ्या हिशेबाने सव्वा लाख फोटो मावतात. एका जत्रेच्या दारूकामावर आपण जे खर्चतो त्यापुढे तिची किंमत काहीच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते तशी या यंत्रांनाही दमट हवा बाधते, म्हणून डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि वर्षातून एकदा, चवथीनंतर हवा कोरडी झाली की, संगणकाला जोडून वेगवेगळ्या वर्षांचे फोटो उघडून पाहावेत. कपाटात ठेवलेली डिस्क न वापरताही बिघडू शकते. ते अकराव्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेले बरे. दर तीन वर्षांनी दागिन्यांच्या यादीखाली 'छायाचित्रे' अशी एक नोंद यावी, तिच्यात वर्ष, प्रसंग, फोटोंची संख्या, डिस्क कोणाकडे, खाते कोणत्या ई-मेलवर आणि पासवर्ड कोणत्या दोघांना ठाऊक, एवढे लिहावे, आणि नव्या समितीने ते मोजून घ्यावे.

मूळ फोटो असे हाती असले की इंटरनेटवरच्या सेवा निर्धास्तपणे दाखवण्याच्या कामी वापरता येतील. देव, पालखी, रथ, दीपस्तंभ, रांगोळ्या, दुरून घेतलेली गर्दी, नाटकातले प्रसंग हे फोटो खुशाल खुल्या संग्रहात ठेवावेत. डोंबिवलीच्या आजींना तेच पाहायचे असते. ज्यांत माणसे जवळून ओळखू येतात, त्यांचा संग्रह वेगळा आणि ज्यांना निमंत्रण दिले आहे त्यांनाच उघडणारा असावा. लिंकवरून कोणालाही प्रवेश देणारी सोय तिथे बंद करावी, उतरवून घेण्यासाठी लहान आकाराच्या, स्थानाची नोंद काढून टाकलेल्या प्रतीच ठेवाव्यात, आणि दोन-तीन महिन्यांनी तो संग्रह मिटवावा. अठरा वर्षांखालील मुलामुलींची नावे, शाळा, वाडा फोटोखाली लिहू नयेत. बक्षीस मिळालेल्या मुलांची नावे स्मरणिकेत छापली की पुरे. ती स्मरणिका पाच-सातशे ओळखीच्या घरांत जाते, आणि तिच्यातून चेहरा, नाव, पत्ता एका टिचकीत उचलून नेता येत नाही. स्पर्धेच्या नोंदणी अर्जावर फोटोच्या परवानगीची ओळ घालून तिथेच पालकांची सही घ्यावी. आणि सूचनाफलकावर एका सभासदाचे नाव व फोन क्रमांक लावावा, ज्याला कोणीही, कारण न सांगता, 'आमचा फोटो काढून टाका' असे सांगू शकेल. त्या दिवशी त्या आईला कोणाकडे जावे ते ठाऊक नव्हते. तिने दोन दिवस घालवले आणि शेवटी फोटोच्या कोपऱ्यातले माझ्या स्टुडिओचे नाव वाचून ती माझ्याकडे आली.

आणखी एक विनंती आहे, ती फोटो छापून घेण्याची. ती माझ्या धंद्याच्या फायद्याची म्हणून नाकारली जाऊ नये, यासाठी ते काम आपण दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्यावे. दर वर्षीच्या उत्सवातले तीस-चाळीस निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तिथी, वर्ष आणि माणसांची नावे लिहावीत. हे काम गावातल्या वडीलधाऱ्यांना बसवून करावे. पेन्सिलीची अक्षरे शाईसारखी पाण्याने पसरत नाहीत, आणि तो अल्बम कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात राहिला तर जगाला न दाखवताही गावाला पाहता येतो.

माझ्याकडून मी इतके करीन. गेल्या अकरा वर्षांत ज्या ज्या समित्यांसाठी काम केले, त्यांचे जे फोटो माझ्याकडे शिल्लक आहेत, ते येत्या चवथीपूर्वी डिस्कवर भरून, यादीसह, ज्याच्या त्याच्या कार्यालयात पोचते करीन आणि त्याचे पैसे घेणार नाही. माझ्या खात्यांवरचे सगळे खुले संग्रह मी बंद केले आहेत. त्यामुळे आपल्या गटांतल्या जुन्या लिंका उघडत नसतील, तर कारण हे आहे.

आणि १९६४ च्या कार्तिकातल्या त्या नाटकाचा फोटो. त्या काळी मंडळाच्या प्रत्येक नटाला एकेक प्रत दिली जात असे, असे जुने सभासद सांगतात. म्हणजे आणखी चार घरांत तरी तो गेला असावा. कोणाच्या ट्रंकेत, पोथ्यांत, भिंतीवरच्या चौकटीच्या मागे हातापंजाएवढा, कातरलेल्या कडांचा, महालाच्या पडद्यापुढे नऊवारीतला तरुण उभा असलेला फोटो असेल, तर कृपया आपल्या समितीमार्फत मला निरोप द्यावा. मी स्कॅनर घेऊन आपल्या घरी येईन, दोन्ही बाजू आपल्यासमोर स्कॅन करीन आणि फोटो उंबऱ्याबाहेर नेणार नाही.

कळावे,

आपला नम्र,
फोंडा तालुक्यातील एक छायाचित्रकार